क्लाउडमधील फाइल्स नव्या संगणकावर नेताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा, आपले सरकार सेवा केंद्रे आणि कृषी सेवा केंद्रे यांचे जुने संगणक एकामागोमाग बदलले जात आहेत. यंत्र बदलणे सोपे असते. त्यावरच्या फाइल्स हलवताना मात्र तीच ती चूक पुन्हा पुन्हा होते. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह अशा क्लाउडचे, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्याचे, फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केले जाते, जुना संगणक लगेच फॉरमॅट होतो, आणि नव्या संगणकावर फाइलींची नावे दिसत असूनही एकही फाइल उघडत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट आहे. जुना संगणक कुणाला देण्यापूर्वी 'साफ' करायचा म्हणून त्यावरचे फोल्डर डिलीट केले जाते आणि काही मिनिटांत नव्या संगणकावरचे फोल्डरही रिकामे होते.

दोन्ही प्रकारांमागचे कारण एकच आहे. सिंक होणारे, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळते राहणारे, फोल्डर ही त्या संगणकावरची वेगळी प्रत नसते. एका विहिरीवर दोन पंप बसवले तरी पाणी एकच असते. एका पंपाने विहीर उपसली की दुसऱ्याच्या वाट्यालाही कोरडी विहीरच येते. म्हणून हे काम घाईने करायचे नाही आणि पुढील क्रम मोडायचा नाही: आधी सर्व काही क्लाउडमध्ये पोहोचल्याची खात्री, मग क्लाउडच्या बाहेर एक स्वतंत्र प्रत, मग जुन्या संगणकाचे नेट बंद, मग नवा संगणक, मग पडताळणी, आणि जुन्याची साफसफाई अगदी शेवटी.

कामाला हात घालण्यापूर्वी

पहिली तयारी खात्यांची. गावाकडच्या कार्यालयातल्या एका संगणकावर बहुधा दोन-तीन गूगल खाती असतात: एक कार्यालयाचे, एक संगणक परिचालकाचे स्वतःचे आणि एखादे पूर्वीच्या कर्मचाऱ्याने उघडून ठेवलेले. कोणत्या खात्यात कोणत्या फाइल्स आहेत, त्या खात्याला कोणता मोबाइल क्रमांक जोडला आहे आणि तो मोबाइल आज कोणाच्या हातात आहे, हे कागदावर लिहावे. नव्या संगणकावर पहिल्यांदा लॉगिन करताना पडताळणीचा संकेतांक त्याच मोबाइलवर जातो. ती व्यक्ती बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली असेल, तर काम तिथेच अडते. त्यामुळे जुन्या संगणकावर खाते उघडे आहे तोवरच मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा. द्विस्तरीय पडताळणी चालू असेल तर गूगल १० बॅकअप कोड देते. तेही कागदावर उतरवून कार्यालयाच्या कपाटात ठेवावेत. हे कोड त्याच संगणकावरच्या फाइलीत ठेवण्याची सवय अनेकांना असते, पण ऐन वेळी ती फाइल उघडता येत नाही.

दुसरी तयारी इंटरनेटची. ३० जीबी माहिती १० एमबीपीएसच्या जोडणीवरून उतरवायला, वेग एकदाही कमी झाला नाही असे धरले तरी, साधारण पावणेसात तास लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोज २ जीबीचे पॅक असेल तर तेवढ्याच माहितीला १५ दिवस लागतील, आणि तेही त्या पॅकवर दुसरे काहीच केले नाही तर. म्हणून सगळे पुन्हा डाउनलोड करण्याचा बेत करण्यापूर्वी आकडा मांडून पाहावा. नेट अपुरे असेल तर चौथ्या टप्प्यात दिलेला हार्डडिस्कचा मार्ग घ्यावा.

तिसरी तयारी विजेची. मे महिन्यात काही भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, संध्याकाळी वादळी वारे सुटतात आणि लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर मोठी कॉपी सुरू करू नये. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी बाह्य हार्डडिस्क तासन्‌तास चालवणेही टाळावे. पहाटे किंवा रात्री उशिरा हे काम करणे सर्व दृष्टींनी सोयीचे पडते.

शेवटी एक बाह्य हार्डडिस्क किंवा एसएसडी लागेल. पेनड्राइव्ह या कामासाठी भरवशाचा नाही. डिस्क फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर बसत नाही, आणि ग्रामसभेचे चित्रीकरण किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ सहज त्याहून मोठा असतो. म्हणून कोरी डिस्क आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावी.

टप्पा १: जुन्या संगणकावर खरोखर काय आहे ते पाहणे

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि पुढचे बहुतेक नुकसान इथेच ठरून जाते. म्हणून त्याला पुरेसा वेळ द्यावा.

वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलीजवळ एक छोटे चिन्ह असते. निळ्या कडांचा ढग दिसला तर ती फाइल फक्त क्लाउडमध्ये आहे. संगणकावर तिचे नाव तेवढे आहे. पांढऱ्या वर्तुळातील हिरवी खूण असेल तर फाइल सध्या संगणकावर उतरलेली आहे. भरीव हिरव्या वर्तुळातील पांढरी खूण म्हणजे ती कायम संगणकावर ठेवण्याची सूचना दिलेली आहे. चिन्हांवर भरवसा वाटत नसेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावी आणि 'साइझ' व 'साइझ ऑन डिस्क' हे दोन आकडे ताडून पाहावेत. पहिला आकडा १८ जीबी आणि दुसरा २ जीबी असेल, तर सुमारे १६ जीबी माहिती या संगणकावर नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील ॲपमध्ये दोन पद्धती असतात. 'स्ट्रीम फाइल्स' निवडलेले असेल तर ड्राइव्ह एका वेगळ्या अक्षराच्या ड्राइव्हसारखा दिसतो, बहुतेक वेळा 'जी' या अक्षराने, आणि फाइल्स गरजेपुरत्याच खाली उतरतात. 'मिरर फाइल्स' असेल तर पूर्ण फोल्डर संगणकावरही असते. ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपली पद्धत कोणती ते नोंदवावे.

याशिवाय गूगलच्या ॲपमध्ये संगणकावरचे एखादे फोल्डर, समजा डी ड्राइव्हवरचे 'कार्यालय', बॅकअपसाठी जोडलेले असू शकते. असे फोल्डर क्लाउडमध्ये 'माय ड्राइव्ह'मध्ये जात नाही. ते ब्राउझरमध्ये 'कॉम्प्युटर्स' या वेगळ्या विभागात, जुन्या संगणकाच्या नावाखाली दिसते. नव्या संगणकावर फक्त 'माय ड्राइव्ह' पाहून 'फाइल्स गेल्या' असे म्हणणाऱ्यांच्या फाइल्स बऱ्याचदा याच विभागात असतात.

मग डेस्कटॉपकडे वळावे. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर्स प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या आत गेलेली असतात, तरी वापरणाऱ्याला काहीच बदललेले जाणवत नाही. डेस्कटॉपवरच्या कोणत्याही फाइलीची प्रॉपर्टीज उघडून 'लोकेशन' वाचावे. त्यात वनड्राइव्ह हा शब्द असेल तर ती फाइल सिंकच्या कक्षेत आहे.

आता उलट यादी करावी, म्हणजे क्लाउडमध्ये मुळीच नसलेल्या गोष्टींची. डाउनलोड्सचे फोल्डर सहसा सिंकमध्ये नसते आणि सेवा केंद्रांवर तर अर्धे काम त्यातच पडलेले असते. डी आणि ई ड्राइव्ह, टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, स्कॅनरच्या फोल्डरमधील प्रती, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि मराठीचे फॉन्ट हे सर्व या यादीत आले पाहिजे.

तपासणी: कागदावर तीन स्तंभ तयार झाले पाहिजेत. पहिल्यात क्लाउड आणि संगणक दोन्हीकडे असलेल्या, दुसऱ्यात फक्त क्लाउडमध्ये असलेल्या आणि तिसऱ्यात फक्त संगणकावर असलेल्या गोष्टी याव्यात. तिसरा स्तंभ रिकामा असेल तर शोध अपुरा झाला आहे असे समजावे.

टप्पा २: अडकलेल्या फाइल्स वर पाठवणे

घड्याळाजवळच्या कोपऱ्यातील ढगाच्या किंवा ड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक करावे. तिथे सर्व फाइल्स सिंक झाल्याचा संदेश दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. लाल खूण किंवा उद्गारचिन्ह असेल तर ते उघडून वाचावे.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे जागा संपणे. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून असते. वनड्राइव्हच्या मोफत खात्यात ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात २ जीबी असते. कार्यालयाच्या खात्यावर मोबाइलमधील फोटोंचा बॅकअप चालू असेल, तर जागा फोटोंनी भरते आणि कर आकारणीच्या नमुना ८ ची नवी फाइल वर जातच नाही. मग संगणकावर फाइल ताजी आणि क्लाउडमध्ये तीच सहा महिन्यांपूर्वीची, अशी स्थिती महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात न येता टिकून राहते.

दुसरे कारण म्हणजे नेटची जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाची, म्हणून नोंदलेली असणे. तशा जोडणीवर वनड्राइव्ह आपोआप थांबतो. तिसरे कारण फाइल कुठेतरी उघडी राहणे. एक्सेलची फाइल उघडी ठेवूनच संगणक बंद करण्याची सवय असेल तर हे वारंवार घडते. चौथे कारण खूप लांब नावांची, एकात एक गेलेली फोल्डर्स. 'सन २०२३-२४ मधील घरकुल लाभार्थी कागदपत्रे अंतिम' अशा नावाच्या फोल्डरमध्ये तसेच दुसरे फोल्डर असले की मार्गाची लांबी मर्यादेबाहेर जाते. अशी नावे इथेच आखूड करून घ्यावीत.

तपासणी: ॲपच्या संदेशावर न थांबता मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर ब्राउझरमध्ये तेच खाते उघडावे. गेल्या आठवड्यात बदललेल्या चार-पाच फाइल्स तिथे उघडून शेवटची नोंद आली आहे का ते डोळ्यांनी पाहावे. 'कॉम्प्युटर्स' विभागही उघडून पाहावा.

टप्पा ३: क्लाउडबाहेरची स्वतंत्र प्रत

पहिल्या स्तंभातील आणि तिसऱ्या स्तंभातील सर्व फोल्डर्स बाह्य डिस्कवर कॉपी करावीत. इथे 'कट' आणि 'पेस्ट' कधीही वापरू नये. सिंक फोल्डरमधून फाइल कट करून बाहेर नेणे म्हणजे क्लाउडच्या दृष्टीने ती डिलीट करणेच होय.

दुसऱ्या स्तंभातील फाइल्स आधी खाली उतरवाव्या लागतात. वनड्राइव्हमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडावे आणि चिन्ह हिरवे होईपर्यंत थांबावे. तसे न करता सरळ कॉपी सुरू केली तर प्रत्येक फाइल उतरत-उतरत कॉपी होते, मध्येच नेट गेले की त्रुटी येते, आणि कंटाळून 'स्किप' दाबले की ती फाइल प्रतीत येत नाही. जुन्या संगणकाच्या डिस्कवर तेवढी जागा नसेल, तर एकेक फोल्डर उतरवून, बाह्य डिस्कवर कॉपी करून, मग 'फ्री अप स्पेस' निवडावे. 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' यांत गल्लत होऊ देऊ नये: पहिल्याने फाइल क्लाउडमध्ये राहते, दुसऱ्याने ती सगळीकडून जाते.

गूगल डॉक्स आणि शीट्सबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये दिसणारी जीडॉक किंवा जीशीट प्रकारची फाइल ही फक्त एक दुवा असते. तिच्यात मजकूर नसतो. ती पेनड्राइव्हवर नेली तर त्या खात्यात लॉगिन केल्याशिवाय काहीही उघडत नाही. खरी प्रत हवी असेल तर ब्राउझरमध्ये ती फाइल उघडून वर्ड किंवा एक्सेल स्वरूपात डाउनलोड करावी. फाइल्स शेकड्यांनी असतील तर गूगल टेकआउट, म्हणजे खात्यातील माहिती एकत्र उतरवून घेण्याची गूगलची सोय, वापरावे. त्यात फक्त 'ड्राइव्ह' निवडावे आणि नेट कमजोर असल्यास २ जीबीचे तुकडे मागवावेत, म्हणजे एखादा तुकडा अर्धवट राहिला तरी तेवढाच पुन्हा उतरवता येतो. टेकआउटचा दुवा साधारण सात दिवसांत संपतो, त्यामुळे तो आला की डाउनलोड लांबवू नये.

मराठी फॉन्टचा प्रश्न आपल्याकडे अजून संपलेला नाही. जुनी ठरावपुस्तके, निमंत्रणपत्रिका, प्रश्नपत्रिका आणि दाखले कृतिदेव, श्रीलिपी किंवा किरण यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर संपूर्ण मजकूर इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या गोंधळासारखा दिसतो. फाइल खराब झाली असे समजून ती डिलीट केली जाते, वास्तविक तिला काहीही झालेले नसते. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून असे सर्व फॉन्ट बाह्य डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवावेत. टायपिंगचे सॉफ्टवेअर परवान्याचे असेल तर त्याचा क्रमांक किंवा डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) हेही सोबत ठेवावे.

टॅली वापरणाऱ्यांनी कंपनीचा बॅकअप टॅलीच्या आतूनच घ्यावा आणि मगच परवाना जुन्या संगणकावरून सरेंडर, म्हणजे परत, करावा. परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. सरेंडर न करताच जुने यंत्र फॉरमॅट झाले तर नव्यावर तो सुरू करताना अडथळा येतो, आणि हा अडथळा नेमका विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत आला की सोसायटीचा किंवा कृषी सेवा केंद्राचा सारा हिशेब थांबतो.

तपासणी: मूळ फोल्डर आणि बाह्य डिस्कवरील प्रत या दोन्हींची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची आणि फोल्डरांची संख्या ताडून पाहावी. मग डिस्क काढून दुसऱ्याच कोणत्या तरी संगणकावर लावावी, त्या संगणकाचे नेट बंद ठेवावे आणि वेगवेगळ्या प्रकारच्या फाइल्स उघडून पाहाव्यात. तिथे उघडल्या तरच ती प्रत खरी.

टप्पा ४: जुना संगणक नेटपासून तोडून नवा सुरू करणे

दोन्ही संगणक एकाच वेळी सिंक होत राहिले की कोणती फाइल ताजी हे कोणालाच सांगता येत नाही. वनड्राइव्ह अशा वेळी फाइलीच्या नावापुढे संगणकाचे नाव जोडून दुसरी प्रत करतो. ड्रॉपबॉक्स 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असे लिहितो. नुसते 'पॉज' करणे पुरेसे नाही, कारण वनड्राइव्हचा विराम २, ८ किंवा २४ तासांनी आपोआप संपतो. म्हणून जुन्या संगणकाची लॅन केबल काढावी, वायफाय आणि हॉटस्पॉटची नोंद 'फर्गेट' करावी आणि तो संगणक तसाच, काहीही न पुसता, बाजूला ठेवावा. त्यावर आता कोणीही नवे काम करायचे नाही, हे कार्यालयातील सर्वांना सांगावे. हवे तर यंत्रावर चिठ्ठी चिकटवावी.

नव्या संगणकावर आधी तारीख, वेळ आणि विंडोजची अद्यतने पूर्ण करावीत. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की बहुधा डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय न उघडणारे कुलूप, आपोआप चालू होते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठते. ती छापून फाइलीत लावावी, कारण पुढे कधी मदरबोर्ड बदलला तर तिच्याशिवाय डिस्क उघडत नाही.

त्याच वेळी वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप सुरू करण्याबद्दल विचारतो, काही वेळा न विचारताही तो सुरू झालेला असतो. जुन्या संगणकावर तो चालू होता आणि आता नव्यावरही चालू केला, तर दोन्ही डेस्कटॉप एकत्र होतात आणि नव्या डेस्कटॉपवर जुन्या प्रोग्रामची निकामी चिन्हे येऊन पडतात. त्यांनी काही बिघडत नाही. मात्र ५ जीबीचे मोफत खाते असेल तर माझे मत स्पष्ट आहे: बॅकअप बंद ठेवावा आणि कामाचे एकच फोल्डर सिंकमध्ये ठेवावे. बॅकअप मागाहून बंद केला तर डेस्कटॉप एकाएकी रिकामा दिसू शकतो. अशा वेळी घाबरून काही करू नये; फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरमधील डेस्कटॉप या उपफोल्डरमध्ये असतात.

आता एका वेळी एकच खाते जोडावे, त्याचे सिंक पूर्ण होऊ द्यावे आणि मगच दुसरे जोडावे. नेट चांगले असेल तर रिकाम्या फोल्डरने सुरुवात करणे सर्वांत सुरक्षित आहे. सर्व काही उतरवण्याची गरजही नसते. चालू वर्षाची आणि नेट नसताना लागणारी फोल्डर्स कायम संगणकावर ठेवावीत, जुनी वर्षे क्लाउडमध्येच राहू द्यावीत.

नेट अपुरे असेल तर वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्ससाठी हार्डडिस्कचा मार्ग आहे. ॲपमध्ये लॉगिन करण्यापूर्वी बाह्य डिस्कवरील वनड्राइव्हचे फोल्डर त्याच नावाने नव्या संगणकावरील ठरलेल्या जागी कॉपी करावे. मग लॉगिन करताना जागा म्हणून तेच ठिकाण दाखवावे. तिथे असे फोल्डर आधीच असल्याचे ॲप सांगते आणि तेच वापरायचे का असे विचारते. होकार दिल्यावर ते दोन्हीकडच्या फाइल्स ताडून पाहते आणि जुळणाऱ्या फाइल्स नव्याने उतरवत नाही. यासाठी प्रत त्याच एक-दोन दिवसांत घेतलेली असली पाहिजे. महिनाभर जुनी प्रत वापरली तर मधल्या काळात मुद्दाम डिलीट केलेल्या फाइल्स पुन्हा जिवंत होतात आणि क्लाउडमध्येही चढतात. गूगल ड्राइव्हसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. त्यासाठी 'स्ट्रीम' पद्धत ठेवून लागेल तेवढेच ऑफलाइन करावे.

इशारा: सिंक सुरू झाल्यानंतर बाह्य डिस्कवरील फोल्डर सिंक फोल्डरमध्ये पेस्ट करू नये. प्रत्येक फाइलीच्या दोन-दोन प्रती होतात, जागा भरते आणि पुढचे काही आठवडे कोणती ठेवायची हे निवडण्यात जातात.

टप्पा ५: क्लाउडबाहेरच्या गोष्टी बसवणे

फॉन्ट आधी बसवावेत. मंगल किंवा कोकिळा वापरून केलेल्या कागदपत्रांची पाने नव्या संगणकावर पुढे-मागे सरकलेली दिसली, तर विंडोजच्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट जोडून घ्यावेत. त्यानंतर प्रिंटर, स्कॅनर, बोटांच्या ठशांचे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर टाकावेत. स्वाक्षरी टोकनमध्येच असते, त्यामुळे ती हलवण्याचा प्रश्न नाही.

टॅलीचा डेटा आणि आउटलुकची पीएसटी फाइल सिंक फोल्डरमध्ये ठेवू नये. प्रोग्राम त्या फाइलींवर सतत लिहीत असतो आणि सिंकचे ॲप त्याच वेळी त्या उचलू पाहते. यात डेटा खराब होण्याचा धोका खरा आहे. चालू डेटा डी ड्राइव्हवर ठेवावा आणि संध्याकाळी प्रोग्राम बंद केल्यावर घेतलेला बॅकअप तेवढा क्लाउडमध्ये टाकावा.

टप्पा ६: पडताळणी

तीन स्तंभांचा कागद समोर घ्यावा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करत जावे. संख्या जुळली म्हणून काम झाले असे धरू नये. फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत जावे. एक्सेलच्या फाइलीत दुसऱ्या फाइलीला जोडलेली सूत्रे असतील तर जुन्या संगणकाचा मार्ग त्यात राहून गेलेला असतो; अशी कर आकारणीची किंवा हजेरीची पत्रके नीट तपासावीत. ब्राउझरमध्ये नाव देताना तारखेत तिरकी रेघ वापरलेली असेल तर संगणकावर तिच्या जागी खालची आडवी रेघ दिसते. ती फाइल हरवलेली नसते.

'शेअर्ड विथ मी' मध्ये दिसणाऱ्या फाइल्स आपल्या मालकीच्या नसतात. पंचायत समितीतून किंवा केंद्रप्रमुखांकडून आलेले पत्रक मूळ मालकाने काढले की आपल्याकडूनही जाते. कायम लागणाऱ्या अशा फाइलींची स्वतःच्या ड्राइव्हमध्ये प्रत करून ठेवावी.

मग नेट बंद करून ऑफलाइन ठेवलेली फोल्डर्स उघडावीत. नेट पुन्हा सुरू करून 'चाचणी' नावाची एक फाइल तयार करावी, ती मोबाइलवर दिसते का पाहावे, मोबाइलवरून तिच्यात एक ओळ वाढवावी आणि ती ओळ संगणकावर येते का पाहावे. दोन्ही दिशांनी बदल पोहोचला तरच सिंक बरोबर बसले.

चूक झालीच तर

फाइल्स दिसेनाशा होत आहेत असे लक्षात येताच सर्व संगणकांचे नेट प्रथम तोडावे. मग एकाच यंत्रावर किंवा मोबाइलवर ब्राउझरमध्ये खाते उघडून ट्रॅश किंवा रिसायकल बिन पाहावे. गूगल ड्राइव्हमध्ये डिलीट केलेली फाइल ३० दिवस राहते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही मुदत ३० दिवसांची आहे, शाळा किंवा कार्यालयाच्या खात्यात सहसा ९३ दिवसांची. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात ती ३० दिवस आहे. फाइल असेल पण मजकूर जुना असेल, तर त्या फाइलीच्या जुन्या आवृत्त्यांची यादी उघडावी. फाइल्स परत येईपर्यंत बाजूला ठेवलेल्या जुन्या संगणकाला नेट देऊ नये. त्यावरच्या प्रती हाच तेव्हा शेवटचा आधार असतो.

टप्पा ७: जुना संगणक मोकळा करणे

नव्या संगणकावर निदान एक महिना, आणि शक्य असल्यास एक मासिक विवरण किंवा एक मासिक सभा पूर्ण होईपर्यंत, जुना संगणक तसाच ठेवावा. महिन्याअखेरीस हमखास एखादी अशी फाइल लागते जी कोणालाच आठवली नव्हती.

त्यानंतर नेट न जोडताच जुन्या संगणकावरील वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून 'अनलिंक धिस पीसी', आणि गूगल ड्राइव्हमधून 'डिस्कनेक्ट अकाउंट' करावे. ब्राउझरमधील सर्व खात्यांतून बाहेर पडावे. नव्या संगणकावरून गूगल आणि मायक्रोसॉफ्ट खात्यांतील उपकरणांची यादी उघडून जुन्या संगणकाचे नाव तिथूनही काढावे. गूगल ड्राइव्हमधील 'कॉम्प्युटर्स' विभागातले जुने फोल्डर मात्र या भरात डिलीट करू नये. त्यातील सर्व काही 'माय ड्राइव्ह'मध्ये हलवले आहे याची खात्री झाल्यावरच ते काढावे.

दुवे तुटल्यावर मगच विंडोजच्या रीसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडावे आणि त्याखालील 'क्लीन डेटा' हा पर्यायही चालू करावा. साध्या फॉरमॅटनंतर आधार कार्डे, बँक पासबुके आणि सातबाराच्या स्कॅन प्रती सहज परत मिळवता येतात, आणि सेवा केंद्राच्या संगणकावर अशा प्रती हजारोंनी असतात. जुन्या प्रकारच्या हार्डडिस्कवर या पर्यायाला अनेक तास लागतात, त्यामुळे तो रात्री इन्व्हर्टरवर लावून ठेवावा. यंत्र कार्यालयाच्या मालकीचे असेल तर डेडस्टॉक रजिस्टरमधील (कार्यालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतील) नोंद पूर्ण झाल्याशिवाय ते कोणालाही देऊ नये. बाह्य डिस्कवर तारीख लिहून ती कपाटात कुलपात ठेवावी.